दोन दाती कंप्युटर

॥ श्री ॥

पुणे,
१४ जून २०२५

ती. आजीस,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर माझा आवाज तुला पत्र्याच्या डब्यात हुलगे हलवल्यासारखा येतो, आणि स्पीकर लावला की माझे मार्क गल्लीला पाठ होतात, असं तू मागच्या वेळी म्हणालीस. म्हणून तुझ्या हुकमाप्रमाणे पत्र. वाचताना आईनं मधले शब्द गाळले तर तिला शपथ घाल.

आजी, बातमी अशी आहे की लिहिताना माझा हात थांबत नाही. आम्ही शेवटच्या सोळा जोड्यांत आलो! आम्ही म्हणजे मी आणि ज्ञानेश्वरी. पालमची, माझ्याच खोलीवर राहते, दिवाळीत झरीला आली होती आणि तुझे धपाटे खाताना मोजायचं विसरली होती ती. राज्यातून चारशे जोड्या उतरल्या होत्या. मुलींच्या जोड्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या, आणि आता उरली ती एकच, आमची.

हा कंप्युटरवरचा जोडीचा खेळ आहे. एका पडक्या शहरातून दोघांनी एक पेटी पलीकडं न्यायची. एकानं पुढं वाट काढायची, दुसऱ्यानं मागं राखण करायची, आणि एक जण मागं पडला की दोघंही बाद. वाट मी काढते, राखण ज्ञानेश्वरी करते. मागच्या फेरीत तिघं जण माझ्या पाठीवर आले होते, मला पत्ताच नाही. ज्ञानेश्वरीनं एकटीनं तिघांना अडवलं आणि वर मलाच विचारलं की डुलकी लागली होती का.

आता अडचण. आजवर आम्ही तासावर पैसे देऊन एका सेंटरमध्ये खेळायचो. ते या महिन्यात बंद होतंय. शेवटची फेरी ऑगस्टमध्ये आहे आणि ती प्रत्येकानं आपापल्या कंप्युटरवर खेळायची. ज्ञानेश्वरीकडं तिच्या भावाचा जुना लॅपटॉप आहे. तो इतका तापतो की ज्ञानेश्वरी त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घालते. माझ्याकडं तेही नाही.

दुकानदार नागेशभाऊ म्हणतात, आजच्यापुरता घेतलास तर दोन वर्षांत रडशील. असा घे की आठ-दहा वर्षं मागं वळून बघायला नको. याला ते फ्यूचर प्रूफ म्हणतात, म्हणजे उद्याचा बंदोबस्त आजच. साध्याच्या दुप्पट पडतो. माझे शिकवणीचे पैसे आहेत आणि तू माझ्या नावानं वाढवलेल्या शेळ्या आहेत. दुप्पट घालून दहा वर्षांचं एकदाच करून टाकू, की साधा घेऊ? ज्ञानेश्वरी म्हणते आजीला विचार, आजी बाजारात फसत नाही.

आशीर्वाद टपालानं पाठव. आईचा राग फोननं पोचला आहे.

तुझी,
अर्पिता


॥ श्री ॥

झरी, ता. जि. परभणी,
२२ जून २०२५

चि. अर्पिता हिस,
धुरपदाबाईचा पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सांगायलेय मी, लिहायलीय तुझी आई. तोंडातून निघंल ते तसंच उतरव म्हणून तिला बजावलंय. कंप्युटरचं नाव काढलं की तिचं तोंड कारलं चावल्यासारखं होतं, हेही लिही म्हणलं. बघ लिहिलंय का. (लिहिलं आहे. आणि माझं म्हणणं एवढंच की कंप्युटर एका जागी बसतो, त्या पैशात स्कूटी आली तर निदान बाजाराला तरी नेईल. – आई)

तुझं पत्र दोनदा वाचून घेतलं. सोळा जोड्यांत आलीस हे ऐकून मी बांधाशेजारच्या पंचफुलाच्या घरी गेले अन् तिला सांगितलं. तिनं इचारलं सोळातल्या कितव्या. मी म्हणलं अजून औत धरायचंय, आधीच तासाच्या रेघा मोजू नको. पण घरी येऊन मी गूळ खाल्ला. डॉक्टरला सांगू नको.

आता तुझा सवाल. पोरी, मला अक्षरं येत न्हाईत पण दात येतात. माझा बाप बैलबाजारातला जाणता. तो जबडा उघडायचा अन् मी टोपलीवर उभी राहून बघायची. दोन दात आले म्हणजे पोरगं, चार म्हणजे शिकाऊ, सगळे दात जुळले म्हणजे उद्या सकाळी औताला. माणसाचं पत्र कागदावर असतं, बैलाचं तोंडात. म्हणून तुझ्या त्या नागेशला इचार, तुझा कंप्युटर दोन दाती हाय का जुळलेला? अंगात किती जोर हाय ते नंतर. आज तुझ्या कामाचा किती अन् नुसता उभा राहून खाणार किती? अन् खातो काय? लाइटच ना? मग घरमालक काय म्हणतो?

हे इचारायचं कारण सांगते. तुझे आजोबा मुंजाजी, देवमाणूस, पण बाजारात त्यांना एकटं सोडायची सोय नव्हती. ऐन पेरणीच्या तोंडाला आमच्या जोडीतला एक बैल गेला. उरला तो सोन्या, वयस्कर पण शहाणा. त्याच्या जोडीचा जुळलेला बैल आणा म्हणून मी पाठवलं. मला येता आलं न्हाई, तुझा बाप तेव्हा पंधरा दिवसांचा होता. संध्याकाळी हे आले ते लाल कंधारी गोऱ्हा घेऊन. काय रूप! डोळे काजळ घातल्यागत. अन् तोंडात दोन दात! व्यापाऱ्यानं सांगितलं होतं, दहा वर्षं बाजाराचं तोंड बघायचं काम न्हाई. दुप्पट पैसे दिले. नाव ठेवलं नवाब.

नवाबानं त्या वर्षी काय काम केलं म्हणशील तर आरसा बघितला. औताला लावला की जू एकीकडं अन् नवाब दुसरीकडं. कडबा मात्र दोघांचा खायचा. पुढं दोन-अडीच वर्षांनी त्याचे दात जुळले, अंग भरलं, आता हा डोंगर ओढंल असं गाव म्हणायला लागलं. अन् त्याच वर्षी झरीत ट्रॅक्टर आला.

आजोबा ओट्यावर बसून ट्रॅक्टरकडं बघायचे, मग नवाबाकडं बघायचे, अन् मग माझ्याकडं बघायचंच टाळायचे.

तर दहा वर्षांचा बंदोबस्त करणाऱ्यानं आधी हे सांगावं की दहा वर्षांनी काय येणार हाय हे त्याला कसं ठावं. बाकी तू शिकलेली. पाच शेळ्या परवा विकल्या, पैसे तुझ्या बापानं पाठवलेत. उरलेल्या दोघी मला सोबतीला राहू दे.

अन् ती ज्ञानेश्वरी. तिला म्हणावं ताट पालथं घालून लॅपटॉप गार होत असंल तर एक ताट तुझ्या आईच्या, या रोहिणीच्या डोक्याखाली पाठव. (हेही लिहिलं आहे. – आई)

मया कमी करू नको, पत्र लांबवू नको.

तुझी आजी,
धुरपदाबाई


॥ श्री ॥

पुणे,
४ जुलै २०२५

ती. आजीस,
अर्पिताचा सा. न. वि. वि.

पैसे पोचले. नवाबाची गोष्ट मी खोलीत मोठ्यानं वाचली. आरशाचं वाक्य आलं तेव्हा हसून पोट दुखलं. एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं. मला वाटायचं नवाब म्हणजे फोटोतला शिंगं रंगवलेला बैल, आजोबांचा लाडका, बस.

तुझे सवाल मी नागेशभाऊंना जसेच्या तसे विचारले. आधी ते हसले, मग म्हणाले आजीला दुकानात घेऊन या. खरं उत्तर असं. माझ्या खेळाला मोठ्या कंप्युटरचा अर्धाच जोर लागतो. उरलेला अर्धा पुढं येणाऱ्या खेळांसाठी. ते कधी येतील, कसे असतील, ते मात्र त्यांनाही माहीत नाही. म्हणजे तुझ्या भाषेत दोन दातीच म्हण. पण आजी, आत निळा उजेड पडतो, पंखे फिरतात, आणि काचेतून सगळं दिसतं. मी दुकानात त्याच्यासमोर अर्धा तास उभी होते.

दुसरी एक गोष्ट झाली आहे. नाशिकचा जीवन म्हणून एक खेळाडू आहे, राज्यात नाव असलेला. त्याचा जोडीदार परीक्षा आली म्हणून बाहेर पडला. जीवननं मला विचारलंय. वीस जुलैपर्यंत जोडीत एक बदल करता येतो. त्याच्याकडं नागेशभाऊ म्हणतात तसाच मोठा कंप्युटर आहे. माझाही तसा झाला की दोन्हीकडून चित्र अडकणार नाही, आणि पहिल्या दोन जोड्यांत आलो तर पुढची, देशाची फेरी थेट हैदराबादला. असा मोका परत येईल की नाही सांगता येत नाही. सगळे म्हणतात खेळात भावना आणू नये.

मी मोठाच घ्यायचं ठरवत आले आहे. एकोणीसला पैसे भरेन. अभ्यास चालू आहे, जेवण वेळेवर आहे, पाऊस रिपरिप आहे. आईला सांग, स्कूटी पुढच्या वर्षी.

आशीर्वाद असू दे.

तुझी,
अर्पिता


॥ श्री ॥

झरी,
११ जुलै २०२५

चि. अर्पिता हिस,
धुरपदाबाईचा आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं. रोहिणीनं वाचलं. मी म्हणलं पुन्हा वाच. तिनं वाचलं. मी म्हणलं आता पहिलं पत्र काढ अन् ते वाच. ती म्हणली आत्याबाई, भाकरी करपायली. मी म्हणलं करपू दे.

पोरी, वाचणारा अक्षरं बघतो, ऐकणारा नावं मोजतो. तुझ्या पहिल्या पत्रात ज्ञानेश्वरी सहा वेळा आली. मी बोटं मुडपत होते. या पत्रात एकदा न्हाई. निळा उजेड आला, पंखे आले, नाशिक आलं, हैदराबाद आलं. तुझ्या खोलीत राहणारं माणूस तेवढं आलं न्हाई. खोलीत पत्र वाचलंस तर हसलं कोण? ती आजारी हाय का गावाला गेली, असं मी इचारणार होते. मग म्हणलं कशाला इचारायचं. तिला अजून सांगितलंच न्हाईस, खरं ना?

मी रागावले न्हाई. रागावले असते तर फोन केला असता, गल्लीला ऐकवून. मी फक्त त्या सालची उरलेली गोष्ट सांगते, मागच्या वेळी कागद संपला होता.

नवाब दारात आरसा बघायलाय अन् रानात वापसा आला. माती हातात घेतली की लाडू वळावा अशी. दोन-चार दिवसांचा खेळ असतो तो, गेला की गेला. सोन्या एकटा. एका बैलानं पेरणी होत न्हाई. आजोबा डोक्याला हात लावून बसलेले. माझ्या पदराखाली तुझा बाप. मी तशीच निघाले अन् बांधापलीकडं पंचफुलाकडं गेले. तिचा नवरा मुंबईला कामाला, तिच्याकडं पण एकच बैल, ठेंगू, कान फाटलेला, रंग राखेचा. नवाबाशेजारी उभा केला तर नवाबानं तोंड फिरवलं असतं. पण दात जुळलेले, अन् उंची, चाल सगळी सोन्यासारखी. मी म्हणलं पंचफुला, सावड करू. तुझा एक, माझा एक. दोन दिवस तुझ्या रानात, दोन दिवस माझ्या. कुणाचं कुणावर उपकार न्हाई.

पहिले दोन दिवस तिच्या रानात गेले. आजोबांचा जीव वरखाली व्हायला लागला, आपला वापसा जाईल म्हणून. तिसऱ्या दिवशी सकाळी आमी उठायच्या आधी पंचफुला बैल घेऊन दारात उभी. पेरणी झाली. सुपासारखी कणसं लागली त्या वर्षी.

तुला हे कशाला सांगायले? एक दांडगा अन् एक लुकडा बैल जुवाला लावला तर तास कुणाच्या चालीनं पडतो? लुकड्याच्या. दांडगा नुसता जू तिरपं करतो अन् दोघांच्याही खांद्याला गळू आणतो. म्हणजे तुझा तो निळ्या उजेडाचा नवाब तू घेतलास अन् जोडीला ताटावरचा लॅपटॉप ठेवलास, तर पैसे पाण्यात. इथपर्यंत तू अन् नागेश बरोबर. पण तुमी दोघांनी त्याच्यावर उपाय काढला तो जोडी मोडायचा. मला दुसरा दिसतो. दुप्पट पैसे म्हणजे दोन झाले ना? मग एका नवाबाऐवजी दोन साधे, एका चालीचे, दात जुळलेले बैल येतील का, हे नागेशला इचारलंस का? न्हाई इचारलंस. मी इथून सांगते, त्यानं हो म्हणलं असतं.

अन् उद्याची तरतूद करायचीच असंल तर बैलात करू नको, जुवात कर. बाभळीचं जू चांगलं घेतलं तर त्याच्याखाली तीन जोड्या जातात. बैल बदलता येतो. तुझ्या कंप्युटरात जू कुठलं ते मला ठावं न्हाई. असणारच पण. जोर ज्याच्यावर तोलला जातो ते.

आता तुला जे करायचं ते कर. जीवन पोरगा चांगला असंल, त्याला माझा आशीर्वाद. पण त्याच्या जोडीला जाणार असशील तर आधी ज्ञानेश्वरीला तोंडानं सांग. खोलीतल्या माणसाला दुसऱ्याकडून कळू देऊ नको. तेवढंच माझं मागणं.

लोभ ठेव, पण एकट्या माझ्यावर न्हाई.

तुझी आजी,
धुरपदाबाई

ता. क. हे माझं आहे, सांगितलेलं नाही. स्कूटीचं मी पुन्हा काढणार नाही. दिवाळीत त्या पोरीनं आपल्या बंद मिक्सरची मोटार उघडून, साफ करून, बसवून दिली होती. तीन दुकानांनी फेकून द्या म्हणून सांगितलं होतं. परवाच चटणी वाटताना आठवलं. – आई


॥ श्री ॥

पुणे,
२९ जुलै २०२५

ती. आजीस,
अर्पिताचा, आणि या वेळी ज्ञानेश्वरीचाही, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र अठराला दुपारी आलं. जिन्यातच उभ्यानं वाचलं. नावं मोजलीस तिथं मी खाली बसले. खालच्या काकू विचारायला लागल्या, घरी सगळं बरं आहे ना?

तू बरोबर ओळखलंस. मी तिला सांगितलं नव्हतं. आणि नवाबाचं पत्र वाचलं तेव्हा हसली होती तीच, आरशाच्या वाक्याला. तिच्यासमोर हसून मी पाठीमागं जीवनला निरोप लिहीत होते. हे तुला लिहायला मला लाज वाटते, पण लिहिते, कारण तू ऐकणार आहेस आणि मोजणार आहेस.

वर गेले. ती लॅपटॉपच्या खालचं ताट बदलत होती. मी सगळं सांगितलं. जीवनचं, वीस तारखेचं, मोठ्या कंप्युटरचं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, मला माहीत होतं, जीवननं आधी मलाच विचारलं होतं, अर्पिता माझ्या जोडीला येईल का म्हणून. आणि तिनं त्याला सांगितलं होतं की अर्पिताला विचार, ती चांगली खेळते, माझ्यामुळं तिचं अडायला नको. आजी, ती पंधरा दिवस हे पोटात ठेवून माझ्याबरोबर चहा पीत होती.

मग मी तिला दोन कंप्युटरचं सांगितलं. तिथं मात्र ती भडकली. म्हणाली, तुझ्या आजीच्या शेळ्यांवर मी खेळू? मी काय भीक मागितली का? पालमला माझा बाप अजून कुणापुढं हात पसरत नाही. मी कितीही समजावलं तरी ऐकेना. शेवटी मी तुझं पत्र तिच्या हातात दिलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. परत आले तर ती पंचफुलाआजीच्या बैलापाशी थांबली होती. कान फाटलेला, रंग राखेचा. म्हणाली, हा बैल म्हणजे मी का? मी घाबरले. तर ती एकदम हसायलाच लागली. मग डोळे पुसून म्हणाली, सावड असेल तर माझा बैल कुठाय ते मी सांगते. जोडणी मी करणार, दोन्ही कंप्युटरची, सुटे भाग आणून. पुढं काही बिघडलं तर तेही मीच. आणि पहिले दोन दिवस तुझ्या रानात, मग माझ्या. म्हणजे तुझा आधी.

मग आम्ही दोघी नागेशभाऊंकडं. मोठा कंप्युटर नको, त्याच पैशात दोन बसवायचे म्हटल्यावर त्यांचं तोंड आईच्या कारल्यासारखं झालं (आई, माफ कर). पण ज्ञानेश्वरी एकेक भाग उलटसुलट करून विचारायला लागली आणि मग त्यांनाही चेव आला. खोकी उघडत बसले. आजी, तुझं जू आम्हाला सापडलं! कंप्युटरात एक पेटी असते, भिंतीतली वीज घेऊन सगळ्यांना वाटून देणारी. आणि एक पाट असतो, ज्याच्यावर बाकीचे भाग बसतात. ज्ञानेश्वरी म्हणाली, पैसे जरा जास्त घालायचे तर या दोन्हींत. पेटी दणकट घेतली आणि पाट रिकाम्या जागा असलेला घेतला. चित्र काढणारा भाग आमच्या खेळापुरताच. पुढं खरंच काही नवं आलं तर तेवढाच बदलायचा, जू तेच. नागेशभाऊ म्हणाले, हे मी आधीच सांगायला पाहिजे होतं. मग त्यांनी दोन माउस फुकट दिले.

जोडणी तुझ्या वाकळेवर झाली. स्क्रू वाटीत, वाटी उशीवर, मी विजेरी धरून. चार तास लागले. बटण दाबलं तर काहीच नाही. काळंकुट्ट. पुन्हा दाबलं. काहीच नाही. शेळ्या माझ्या डोळ्यांसमोरून एका रांगेत चालत गेल्या. वीस मिनिटं आम्ही एकेक तार काढून घालत होतो आणि तोंडानं देवाचं नाव. मग कळलं की पेटीच्या मागं एक छोटं बटण असतं, ते दाबायचंच राहिलं होतं. ते दाबलं आणि पंखा फिरला! आम्ही दोघी इतक्या जोरात ओरडलो की काकू पुन्हा वर आल्या.

जीवनला नाही म्हणून कळवलं. त्याला दुसरा जोडीदार मिळाला. आता चित्र अडकत नाही, लॅपटॉपचं ताट पुन्हा जेवायला लागलंय. रोज तीन तास सराव. अंतिम फेरी पोळ्याच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता, मोबाइलवर सगळ्यांना बघता येईल. बाबांना सांग, टीव्हीला कसं जोडायचं ते मी वेगळं लिहून पाठवते.

निळा उजेड नाही, आजी. पण काळ्या डब्यात एकच हिरवा ठिपका आहे, तोही छान दिसतो.

आशीर्वाद दोन पाठव, सारख्या वजनाचे.

तुझी अर्पिता,
आणि दुसरा बैल, ज्ञानेश्वरी


॥ श्री ॥

झरी,
२४ ऑगस्ट २०२५

चि. अर्पिता व चि. ज्ञानेश्वरी यांस,
धुरपदाबाईचे दोन आशीर्वाद, तागडीत घालून बघा, काटा हलणार न्हाई. वि. वि.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला अर्पिताच्या बापानं, भागवतनं गल्लीतल्या दोन जोड्यांचे खांदे लोण्या-हळदीनं चोळले, अन् आपल्या रीतीप्रमाणं त्यांच्या कानात सांगितलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. मी त्याला फोन लावायला लावला अन् तुमच्या त्या दोन काळ्या डब्यांना पण आवतण दिलं. तुमी म्हणालात ऐकलं त्यांनी. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी पाचला भागवतनं टीव्ही जोडला. तू लिहून दिलेलं त्यानं तीनदा वाचलं, अन् शेवटी रोहिणीनंच जोडला. पुढं मी अन् पंचफुला चटईवर, मागं सगळी गल्ली, दारात मिरवणुकीहून आलेली बैलं. पंचफुला सारखी इचारायची, आपल्या पोरी कुठल्या? टीव्हीवर तर नुसती पडकी घरं अन् पळणारी माणसं. मला पण खेळ कळला न्हाई. म्हणून मी खेळ बघितलाच न्हाई. भागवतनं बोट लावून दाखवलं, ही हिरव्या टोपीची अर्पिता, ही पिवळ्या टोपीची ज्ञानेश्वरी. बास. मी तेवढ्या दोन टोप्या बघत होते. हिरवी थांबली की पिवळी थांबते का, पिवळी वळली की हिरवी वळते का. जू सरळ हाय का तिरपं. पोरींनो, एकदासुद्धा तिरपं झालं न्हाई.

एकदा हिरव्या टोपीवर चौघं धावून आले, तेव्हा कोण ओरडलं सांगू? गल्लीभर ऐकू गेलं, मागं बघ गं अर्पिते म्हणून. बैल बुजला दारातला. ती तुझी आई. आता लिहिताना लाजायलीय. (आवाज बसला आहे, हळद-दूध चालू आहे. – आई)

दुसरा नंबर आला म्हणून कळलं तेव्हा पंचफुला म्हणली, पहिला कोण? भागवतनं सांगितलं नाशिकचा जीवन, मोठ्या कंप्युटरवाला. मी म्हणलं मग बरोबर हाय. पोळ्याला मान नवाबाचाच असतो. आमचा नवाब पण सोळा वर्षं मिरवणुकीत पुढं चालला. औताचा एक तास धरला न्हाई कधी, पण वेशीत आला की लोक बघत राहायचे. आजोबांचा चेहरा त्या एका दिवशी असा व्हायचा की वर्षभराचा कडबा मला सोसायचा. हे मी त्यांना कधी सांगितलं न्हाई. तुमाला सांगते. तर त्या जीवनला हसू नका. हैदराबादला भेटंल तेव्हा त्याला धपाटे द्या, मी पाठवायलेय. अन् त्याच्या कंप्युटरचं दहा वर्षांनी काय होतं ते मला कळवा. मी नसले तर पंचफुलाला. ती म्हणते ती हाय अजून.

हैदराबाद म्हणल्यावर पंचफुलानं तिथून बांगड्या मागितल्यात, लाखेच्या. मला काही नको. दोघींनी शेजारी शेजारी उभं राहून एक फोटो काढा, नुसत्या टोप्या बघून माझं भागत न्हाई.

एक काम मात्र करून ठेवलंय. गोठ्यात नवाबाचा खुंटा अजून हाय. तो म्हातारा झाला, दात पडले, तेव्हा व्यापारी दोनदा येऊन गेला. आजोबांनी दारातूनच परत पाठवला. खुंट्यावरच गेला नवाब, चारा तोंडात असताना. तर तुमचे हे दोन काळे बैल म्हातारे झाले म्हणजे भंगारवाल्याला देऊ नका, झरीला आणा. काल वायरमन बोलावून खुंट्याशेजारी लाइटीच्या दोन पिना, वायर खोचायच्या, बसवून घेतल्या. रोहिणी म्हणली, आत्याबाई, त्याला अजून दहा वर्षं हायेत, आत्ताच कशाला? पत्र लिहिताना हात थांबवून हसायलीय माझ्यावर.

हसू दे. पिना जरा दणकट बघूनच घेतल्यात.

तुमच्या दोघींची आजी,
धुरपदाबाई